चंदन आणि रक्तचंदन

महाराष्ट्रातील जुन्या वळणाच्या घरांत देवघरापाशी सहाण असते आणि सहाणेजवळ बहुधा लाकडाची दोन खोडे असतात. एक पिवळसर रंगाचे व सुवासिक असते. ते उगाळून देवाला गंध लावतात. दुसरे गडद तांबडे व वजनाला जड असते. त्याला वास जवळजवळ नसतोच. मुका मार लागून सूज आली म्हणजे ते उगाळून त्याचा लेप देण्याची चाल आहे. पहिल्यास चंदन व दुसऱ्यास रक्तचंदन म्हणतात. दोन्ही नावांत चंदन हा शब्द आहे, दोन्ही खोडे एकाच सहाणेवर उगाळली जातात आणि दोन्ही बाजारात बहुधा एकाच दुकानी मिळतात. यामुळे रक्तचंदन ही चंदनाचीच तांबड्या रंगाची एक जात असावी, अशी समजूत सर्वत्र रूढ झाली आहे.

वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ही समजूत खरी नाही. हे दोन वृक्ष परस्परांचे निकटचे आप्त नाहीत. त्यांची कुळे वेगळी, अन्न मिळविण्याची रीत वेगळी, प्रसाराचा प्रदेश वेगळा आणि त्यांच्यावर ओढवलेले संकटही वेगळ्या प्रकारचे आहे. दोघांचे रक्षण करावयाचे असेल तर हा भेद आधी नीट समजून घेतला पाहिजे.

नावाचे साम्य कोठून आले?

भारतीयांनी चंदन हे नाव फार प्राचीन काळापासून सुगंधी व शीतल लेपाच्या काष्ठांना दिलेले आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजाच्या कोशात ठेवावयाच्या मौल्यवान वस्तूंमध्ये चंदनाचे अनेक प्रकार सांगितले असून त्यांत तांबड्या रंगाचेही प्रकार आहेत. आयुर्वेदाच्या ग्रंथांतही श्वेतचंदन व रक्तचंदन अशी नावे शेजारी शेजारी येतात. हे वर्गीकरण काष्ठाच्या उपयोगावरून केलेले होते. काष्ठ उगाळता येते काय, त्याचा लेप थंडावा देतो काय आणि त्याचा रंग कोणता, एवढेच त्यात पाहिले जाई. झाडाचे फूल कसे आहे, हा प्रश्न वैद्याला किंवा व्यापाऱ्याला पडण्याचे कारण नव्हते.

हेच नाव व्यापाराबरोबर पश्चिमेकडे गेले. संस्कृत चंदन शब्दावरून फारसी व अरबी भाषांत संदल हा शब्द आला आणि पुढे ग्रीक व लॅटिन भाषांत तो सँटॅलम या रूपाने स्थिर झाला. स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअस याने १७५३ साली चंदनाला ‘सँटॅलम आल्बम’ म्हणजे पांढरे चंदन हे शास्त्रीय नाव दिले. पुढे त्याच्या मुलाने, म्हणजे धाकट्या लिनीअसने, रक्तचंदनाचे वर्णन करून त्यास ‘टेरोकार्पस सँटॅलिनस’ असे नाव दिले. यातील पहिल्या शब्दाचा अर्थ ‘पंखयुक्त फळाचा’ आणि दुसऱ्याचा ‘चंदनासारखा’ असा आहे. बाजारातील साम्य अशा रीतीने शास्त्रीय नावातही उतरले. परंतु नावाचा पहिला शब्द, जो प्रजातीचा निदर्शक असतो, तो मात्र वेगळा ठेवण्यात आला.

कुळे आणि आप्त

वनस्पतींच्या वर्गीकरणात जाती, प्रजाती, कुल व गण अशा चढत्या पायऱ्या मानतात. अनेक जातींची मिळून एक प्रजाती, अनेक प्रजातींचे एक कुल आणि अनेक कुलांचा एक गण होतो. चंदन व रक्तचंदन यांच्या बाबतीत या चारही पायऱ्यांवर भेद आढळतो.

चंदनाचा समावेश सँटॅलेसी कुलात म्हणजे चंदन कुलात व सँटॅलेलीझ या गणात होतो. या गणातील वनस्पतींपैकी पुष्कळशा दुसऱ्या वनस्पतींपासून अन्नरस शोषून घेतात. आंब्यावर किंवा इतर झाडांवर वाढणारे बांडगूळ याच गणातील आहे. फुकट खाणाऱ्या माणसाला मराठीत ज्याच्या नावाने हिणवतात ते बांडगूळ आणि परोपकारासाठी झिजणाऱ्या माणसाला ज्याची उपमा देतात ते चंदन, हे एकाच गणातील आप्त आहेत, ही गोष्ट प्रथम ऐकताना चमत्कारिक वाटते.

रक्तचंदन हे शिंबावंत कुलातील, म्हणजे शेंगा धरणाऱ्या वनस्पतींच्या कुलातील झाड आहे. हरभरा, तूर व वाटाणा हे याच कुलात मोडतात. सह्याद्रीत आढळणारा बिबळा हा रक्तचंदनाच्याच प्रजातीतील वृक्ष असून शिसव व भुईमूग हेही त्याच्या जवळच्या आप्तांत गणले जातात. सपुष्प वनस्पतींच्या वंशवृक्षावर चंदनाची शाखा व रक्तचंदनाची शाखा एकमेकींपासून फुटल्याला १० कोटींहून अधिक वर्षे झाली असावीत, असे आजचे शास्त्र मानते. म्हणजे भुईमूग हा रक्तचंदनाला जितका जवळचा आहे, तितके चंदन मुळीच नाही.

झाड कसे ओळखावे?

हा भेद केवळ ग्रंथातील नव्हे. साध्या डोळ्यांनीही तो दिसू शकतो. चंदन हा लहान किंवा मध्यम उंचीचा सदाहरित वृक्ष आहे. त्याच्या फांद्या बारीक व किंचित झुकलेल्या असतात. पाने साधी असून देठाला समोरासमोर येतात. फुले लहान असतात. त्यांत संवर्त आणि पाकळ्या असा स्पष्ट भेद नसून परिदलाचे चार भाग दिसतात. उमलताना ती पिवळट असतात आणि पुढे गडद तांबूस-जांभळी होतात. फळ वाटाण्याहून थोडे मोठे, गोल व रसाळ असून पिकल्यावर काळसर जांभळे होते. त्याच्या आत एक कठीण आठळी असते.

रक्तचंदन हा पानझडी वृक्ष होय. त्याची साल काळपट असून भेगा पडून तिचे चौकोनी तुकडे झालेले असतात, त्यामुळे ती मगरीच्या पाठीसारखी दिसते. पान संयुक्त असून त्यात बहुधा तीन दले असतात. फुले पिवळी व पतंगरूप, म्हणजे वाटाण्याच्या फुलाच्या घडणीची असतात. शेंग मात्र हरभऱ्याच्या घाट्यासारखी किंवा तुरीच्या शेंगेसारखी नसते. ती चपटी व गोलसर असून तिच्या भोवती कागदासारखा पातळ पंख असतो. सालीला खाच पाडली असता तांबडा रस पाझरतो.

दोघांचे मोल खोडाच्या गाभ्यात, म्हणजे मध्यकाष्ठात असते. चंदनाच्या मध्यकाष्ठात सुगंधी तेल असते आणि सँटॅलॉल नावाची द्रव्ये हा त्या तेलाचा मुख्य भाग होय. बाहेरील पांढऱ्या रसकाष्ठाला वास नसतो. पाने, फुले व साल यांनाही तो सुगंध नसतो. चंदनाच्या वनात सुगंध दरवळत असतो आणि त्या सुगंधाने नाग खोडांना विळखे घालून बसतात, हे कविसंकेत आहेत. प्रत्यक्ष अनुभव तसा नाही. रक्तचंदनाच्या गाभ्यात तेलाऐवजी सँटॅलिन नावाची तांबडी रंगद्रव्ये असतात. त्याचे लाकूड इतके घट्ट असते की ते पाण्यात तरंगत नाही, बुडते.

अन्न मिळविण्याची रीत

चंदनाचे झाड हिरव्या पानांच्या साहाय्याने सूर्यप्रकाशात आपले अन्न स्वतः तयार करते. परंतु पाणी व क्षार यांसाठी ते शेजारच्या झाडांवर अवलंबून असते. त्याच्या मुळांना जागोजाग बारीक शोषक अवयव फुटतात आणि ते शेजारच्या वनस्पतीच्या मुळांत शिरतात. अशा वनस्पतीस अर्धपरोपजीवी म्हणतात. गवतापासून मोठ्या वृक्षांपर्यंत अनेक जातींच्या वनस्पतींना चंदन असे पोषक बनविते. रोपवाटिकेत चंदनाच्या रोपाशेजारी तूर लावण्याची पद्धत आहे, ती याच कारणाने. पुढे शेतात लावताना करंज किंवा सुरू यांसारखी दीर्घायुषी झाडे जवळ ठेवावी लागतात. चंदनाचे रोप मोकळ्या जमिनीत एकटेच लावले तर ते खुरटते आणि बहुधा मरते.

रक्तचंदनाला असा पोषक लागत नाही. उष्ण व कोरड्या हवेत, खडकाळ व निकस जमिनीत ते स्वतःच्या बळावर उभे राहते. मात्र त्याची वाढ फार मंद असते आणि गाभा तयार होण्यास अनेक दशके लागतात.

बीजप्रसाराच्या बाबतीतही असाच भेद आहे. चंदनाची रसाळ फळे कोकिळ, बुलबुल व साळुंकी यांसारखे पक्षी खातात आणि बिया दूरवर टाकतात. त्यामुळे चंदनाची रोपे कुंपणांत, बांधांवर व झुडपांच्या आडोशाला आपोआप उगवतात. रक्तचंदनाची पंखयुक्त शेंग वाऱ्यावर जाते. परंतु तिचे कवच कठीण असल्याने पुष्कळ बिया रुजत नाहीत.

दोन प्रदेश

चंदनाचा प्रदेश विस्तृत आहे. दक्षिण भारताखेरीज इंडोनेशियातील तिमोर व सुंबा या बेटांवरही ते आढळते. सँटॅलम प्रजातीतील बहुतेक जाती ऑस्ट्रेलिया व प्रशांत महासागरातील बेटे येथील आहेत. त्यावरून भारतातील चंदन मुळात पूर्वेकडील बेटांतून आले असावे, असे काही शास्त्रज्ञांना वाटते. आले असल्यास ते फार पूर्वी आले असले पाहिजे. कारण कर्नाटकातील संगनकल्लू या नवाश्मयुगीन वसाहतीच्या उत्खननात चंदनाचा कोळसा सापडला असून तो इसवी सनापूर्वी सुमारे १३०० या काळातील मानला जातो. भारतातील चंदनाचा नैसर्गिक प्रदेश सुमारे ९,००० चौरस किलोमीटर सांगितला जातो. त्यातील ५,००० चौरस किलोमीटरांहून अधिक कर्नाटकात व सुमारे ३,००० तमिळनाडूत आहे. केरळातील मरयूर येथे, तसेच आंध्र प्रदेश व महाराष्ट्र यांच्या काही भागांतही ते उगवते.

रक्तचंदनाचा प्रदेश याच्या मानाने फार लहान आहे. म्हैसूर शहरातून बंगळूरमार्गे पूर्वेकडे सुमारे ४०० किलोमीटर गेल्यावर तिरुपतीचे डोंगर लागतात. शेषाचलम, पालकोंडा, वेलिकोंडा व लंकामला या पूर्व घाटाच्या दक्षिणेकडील रांगांत, म्हणजे मुख्यतः आंध्र प्रदेशातील कडप्पा, चित्तूर व नेल्लोर या भागांत आणि लगतच्या तमिळनाडूच्या थोड्या भागात, रक्तचंदन निसर्गतः वाढते. जगात अन्यत्र कोठेही ते निसर्गतः आढळत नाही. अशा जातीला प्रदेशनिष्ठ जाती म्हणतात. शेषाचलम डोंगरांना २०१० साली जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा देण्यात आला.

म्हैसूर आणि श्रीगंध

कन्नड भाषेत चंदनाला श्रीगंध म्हणतात. या वृक्षाचा म्हैसूर राज्याच्या इतिहासाशी निकटचा संबंध आहे. १७९२ साली टिपू सुलतानाने चंदन हा राजवृक्ष ठरविला. पुढे वाडियार राजांच्या काळातही ही व्यवस्था चालू राहिली. चंदनाचे झाड कोणाच्याही जमिनीत उगवले तरी ते सरकारचे, असा नियम होता. राज्यातील चंदनाचे लाकूड लिलावाने विकले जाई आणि त्याचा मोठा भाग युरोपात जाऊन तेथे त्याचे तेल काढले जाई. १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर हा व्यापार अडला. तेव्हा नाल्वडी कृष्णराज वाडियार यांच्या कारकीर्दीत, दिवाण मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या पुढाकाराने, राज्यातच तेल काढण्याचे ठरले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील सडबरो व वॉटसन या रसायनशास्त्रज्ञांनी त्याची पद्धत बसवून दिली. १९१६ साली बंगळूर येथे व १९१७ साली म्हैसूर येथे तेलाचे कारखाने निघाले. मध्यकाष्ठाचा चुरा करून त्यातून वाफ सोडतात. वाफेबरोबर तेल बाहेर येते व थंड झाल्यावर ते पाण्यावेगळे करतात. याच तेलापासून पुढे म्हैसूरचा चंदनी साबण प्रसिद्धीस आला.

मात्र या उद्योगाला लागणारे लाकूड मिळविताना झाडाची फारशी दया केली जात नाही. तेलाचे प्रमाण मुळांत सर्वांत अधिक असल्यामुळे चंदनाचे झाड कापत नाहीत, तर मुळांसकट उपटतात. झाड पूर्ण परिपक्व होण्यास ३० ते ५० वर्षे लागतात आणि एकदा उपटल्यावर त्या जागी धुमारा येण्याचीही आशा उरत नाही.

याच्या जोडीला रोगाचे संकट आले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोडगू भागात चंदनाच्या झाडांची पाने बारीक होऊन फांद्यांवर ताठ उभी राहू लागली, फुले येईनाशी झाली आणि थोड्या वर्षांत झाडे वाळू लागली. या रोगाला ‘स्पाइक’ असे नाव पडले. तो विषाणूमुळे होतो, असे दीर्घकाळ समजले जाई. १९६९ साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पाहिल्यावर रोगी झाडांत कोशिकाभित्ती नसलेले अतिसूक्ष्म जंतू आढळले. आज त्यांना फायटोप्लाझ्मा म्हणतात. तुडतुड्यांसारखे रस शोषणारे कीटक त्यांचा प्रसार करतात. या रोगावर रानात वापरता येईल असा खात्रीचा उपाय अद्याप मिळालेला नाही.

रक्तचंदनाचे मोल

रक्तचंदनाचे संकट सुगंधातून आलेले नसून रंग, घट्टपणा व लाकडातील नागमोडी रेषा यांतून आलेले आहे. त्याच्या लाकडापासून पूर्वी युरोपात कापडाचा व खाद्यपदार्थांचा रंग करीत. पूर्व आशियात मौल्यवान सामान व कोरीवकाम यांसाठी त्याला फार मागणी आहे आणि जपानमध्ये शामिसेन या तंतुवाद्याची मान त्यापासून करतात. डोंगरांच्या एका लहानशा पट्ट्यात होणाऱ्या झाडाला अशी परदेशी बाजारपेठ लाभली की चोरटी तोड टळत नाही. प्रथम तोडले जातात ते जाड बुंध्याचे, म्हणजेच बी देणारे जुने वृक्ष, आणि त्यामुळे पुढील पिढीची उगवणही खुंटते.

संकटाची पायरी

कोणती जाती किती धोक्यात आहे, हे ठरविण्यासाठी आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने एक श्रेणी केली आहे. तिला लाल यादी म्हणतात. तीत धोका नसलेल्या जातींपासून नामशेष झालेल्या जातींपर्यंत पायऱ्या आहेत. मधल्या पायऱ्या क्रमाने संकटसमीप, असुरक्षित, संकटग्रस्त व अतिसंकटग्रस्त अशा आहेत. श्रेणी ठरविताना जातीची संख्या किती झपाट्याने घटत आहे, तिचा प्रदेश किती मोठा आहे व तो तुटक झाला आहे काय, या गोष्टी पाहतात.

या यादीत चंदन १९९८ पासून ‘असुरक्षित’ या पायरीवर आहे. रक्तचंदन त्याच्या एक पायरी पुढे, म्हणजे ‘संकटग्रस्त’ आहे. मध्यंतरी २०१८ साली त्यास ‘संकटसमीप’ ठरविण्यात आले होते. परंतु त्यानंतरच्या मूल्यांकनात ते पुन्हा ‘संकटग्रस्त’ गणले गेले. १९९५ पासून रक्तचंदनाचे नाव धोक्यातील वन्य जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारासंबंधीच्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. या परिशिष्टातील जातींचा व्यापार परवान्याखेरीज करता येत नाही.

विस्तृत प्रदेश असूनही चंदन असुरक्षित का, असा प्रश्न येथे पडेल. प्रशांत महासागरातील एका उदाहरणावरून त्याचे उत्तर मिळते. चिली देशाच्या हद्दीतील हुआन फर्नांदेझ बेटांवर चंदनाच्याच प्रजातीतील एक जाती होती. तिच्या सुवासिक लाकडासाठी बेसुमार तोड झाली. १९०८ साली स्कॉट्सबर्ग या स्वीडिश शास्त्रज्ञाने तिचे एक जिवंत झाड पाहून त्याचे छायाचित्र घेतले. त्यानंतर ते झाड कोणासही दिसले नाही आणि ती जाती आज नामशेष समजली जाते. झाडाचा गाभा मौल्यवान असला म्हणजे ते जेथे जेथे सापडेल तेथे तेथे तोडले जाते. अशा वेळी प्रदेशाचा विस्तार पुरेसे संरक्षण देऊ शकत नाही.

रक्षणाचे निराळे मार्ग

दोन वृक्षांतील हे भेद ध्यानात घेतले म्हणजे दोघांना एकच उपाय का लागू पडत नाही, हे कळते.

चंदन हे माणसाच्या वस्तीजवळ, बांधावर व कुंपणात उगवणारे झाड आहे. त्याचे रक्षण शेतकऱ्याच्या सहकार्यावाचून होणे कठीण. जुन्या नियमाप्रमाणे झाड सरकारचे आणि ते चोरीला गेल्यास चौकशीचा ससेमिरा मात्र जमिनीच्या मालकामागे, अशी स्थिती होती. मग आपल्या जमिनीत उगवलेले चंदनाचे रोप वाढू द्यावे, अशी इच्छा कोणाला व्हावी? राजवृक्षाचा मान देणारा नियमच अशा रीतीने त्या वृक्षाच्या वाढीला बाधक झाला. कर्नाटकाने २००१ साली कायद्यात दुरुस्ती करून जमिनीच्या मालकाला झाडाची मालकी दिली आणि २००२ साली तमिळनाडूनेही तसाच बदल केला. त्यानंतर शेतजमिनीत चंदनाची लागवड वाढू लागली. तथापि लागवडीतील चंदन वाढले म्हणून रानातील चंदन सुरक्षित झाले, असे होत नाही. रानातील झाडांत जे आनुवंशिक वैविध्य असते ते थोड्या निवडक झाडांच्या बियांपासून केलेल्या लागवडीत उतरत नाही. आणि रोगाला तोंड देणारी झाडे पुढे शोधावयाची झाल्यास ती या वैविध्यातूनच शोधावी लागतील. चंदनाबरोबर त्याचे पोषक वृक्ष, झुडपे व बिया नेणारे पक्षी यांनाही राखले पाहिजे, कारण त्यांच्यावाचून चंदनाची नैसर्गिक उगवण होत नाही.

रक्तचंदनाची गोष्ट याहून वेगळी आहे. त्याचे घर एकच आणि तेही लहान आहे. तेथील डोंगर, तेथील जुने बीजवृक्ष आणि वणव्यापासून तेथील रोपे राखणे हे पहिले काम होय. अन्यत्र केलेली लागवड लाकडाची मागणी काही अंशी भागवील. शेषाचलमच्या रानाची जागा ती घेऊ शकणार नाही. त्याचा ग्राहक परदेशात असल्यामुळे बंदरांवरील तपासणी व आंतरराष्ट्रीय करार यांना येथे जे महत्त्व आहे, ते चंदनाच्या बाबतीत शेतकऱ्याच्या बांधाला आहे.

शाळेतील विद्यार्थ्यांना या विषयाचा अभ्यास आपल्या परिसरातच आरंभता येईल. वनस्पतिउद्यानात किंवा गावाच्या बांधावर चंदनाचे झाड असेल तर त्याची समोरासमोरची पाने व चार भागांचे फूल पाहावे, आणि त्याच्या भोवती कोणकोणत्या वनस्पती वाढल्या आहेत त्यांची नोंद करावी; त्यांतील काहींच्या मुळांतून ते पाणी घेत असेल. रक्तचंदनाचे झाड जवळपास न मिळाल्यास त्याचा आप्त बिबळा पाहावा. त्याची पिवळी पतंगरूप फुले, पंखयुक्त गोल शेंग व खाचेतून पाझरणारा तांबडा रस यांवरून रक्तचंदनाची पुष्कळशी कल्पना येते. अशा निरीक्षणानंतर सहाणेजवळची ती दोन खोडे पुन्हा हाती घेतली, म्हणजे एक म्हैसूरच्या श्रीगंधाचे व दुसरे शेषाचलमच्या रानातील झाडाचे आहे, हे ध्यानात राहील.